खरं पुष्पक विमान

दिवाळीला जतला गेलो की माझे दोन उद्योग ठरलेले. सकाळी उशिरा उठून आईची बोलणी खायची, आणि मग माडीवर जाऊन विमान बांधायचं. होय, विमान. जवळजवळ नऊ फुटी पंखांचं, रेडिओ कंट्रोलवर उडणारं, पायपर कबचं चतुर्थांश मॉडेल. पुण्यातल्या वन बीएचकेमध्ये हा पंख ठेवला तर मला गॅलरीत झोपावं लागेल, म्हणून सगळं सामान गावी. जुन्या दाराची एक सपाट फळी दोन ट्रंकांवर टाकलीय, तोच आपला कारखाना. दोन-तीन महिन्यांनी एखादा लाँग वीकेंड मिळतो, त्यात चार-सहा रिब्ज चिकटतात. या वेगाने रिलीज डेट काय, हे कृपया कुणी विचारू नये. दिवसभर ऑफिसात तेच ऐकतो.

किट म्हणजे काय, तर एक लांबलचक खोका. त्यात बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, कापून नंबर घातलेल्या रिब्ज, थोडं प्लायवुड, तारा आणि खऱ्या मापाचा भलामोठा नकाशा. नकाशा फळीवर पसरायचा, वर प्लास्टिक टाकायचं आणि रेघेवर तुकडे ठेवून चिकटवत जायचं. बाल्सा येतं मुख्यतः इक्वेडोरहून. एक घनमीटर सागवान साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, तेवढंच बाल्सा शंभर ते दोनशे किलो. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी फळी हातात घेतली, वर-खाली केली आणि म्हणाले, "ह्ये लाकूड हाय का थर्माकोल?" पण त्याच गृहस्थांनी माझा डावा पंख एका नजरेत नापास केला. पंखाला पीळ पडला होता. टोकाशी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. मला वाटलं, चालतंय. ते म्हणाले, "दार आसतं तर चाललं आसतं." पीळ पडलेला पंख हवेत एका बाजूला कलतो, आणि उतरताना वेग कमी झाला की दगा देतो. दोन रात्रींचं काम उस्तरलं आणि पुन्हा केलं. असो.

तर यंदा दिवाळीत हे चाललेलं असताना पुतणी वर आली. आठवीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा, विषय 'विज्ञान आणि आपण'. भाषण पाठ झालं होतं, मला ऐकवायचं होतं. भाषण असं: जगातलं पहिलं विमान राईट बंधूंनी नव्हे, तर एका मराठी माणसाने उडवलं. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी 'मरुत्सखा' नावाचं विमान पंधराशे फूट उंच नेलं. सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे बघायला होते, 'केसरी'त बातमी आली, आणि मग इंग्रजांनी सगळं दडपलं.

आवाज छान, हातवारे झकास. मजकूर अर्थातच फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डमधून आलेला. तुम्हालाही चार वेळा आला असेल.

आता काय करायचं? टाळ्या वाजवणं सोपं होतं. पण पाच मिलिमीटरच्या पिळासाठी दोन रात्री घालवून बसलेला माणूस मी. तिला खाली बसवलं आणि विचारलं, त्या विमानाचं वजन किती होतं? पंख किती लांब? इंजिन कसलं? ती म्हणाली, पाऱ्यावर चालायचं. मी म्हटलं, पाऱ्याने नेमकं काय व्हायचं? 'केसरी'चा तो अंक कुठल्या तारखेचा? मी पाहिलेल्या एकाही फॉरवर्डमध्ये ही तारीख नव्हती. ना त्या विमानाचा फोटो, ना मापांचा नकाशा, ना एखादा उरलेला तुकडा.

गैरसमज नको. तळपदे हा माणूस काल्पनिक नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी संबंध असलेला, संस्कृत आणि वेदांचा नाद असलेला हा मनुष्य होता, आणि प्राचीन विमानविद्येवर त्यांनी लिहिलंही आहे. त्या काळात त्यांनी विमानाचा ध्यास घेतला, याचं मला कौतुकच आहे. पण ध्यास वेगळा आणि उड्डाण वेगळं.

या गोष्टीला नेहमी 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथाचं शेपूट जोडलेलं असतं. हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा म्हणून सांगतात. प्रत्यक्षात तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहवून घेतलेला आहे. १९७४ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी (एरोनॉटिकल आणि मेकॅनिकलवाले) त्यातली विमानं इंजिनियरच्या नजरेने तपासली. निष्कर्ष: ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही, आणि त्यात काढलेली विमानं उडू शकत नाहीत. यात मला आवडतं ते हे की त्यांनी चेष्टा करून सोडून दिलं नाही. वजन, आकार, गती असं एकेक घेऊन हिशेब मांडला. कोड रिव्ह्यू असाच असतो. कुणी लिहिलंय ते बघायचं नाही, चालतं का ते बघायचं.

पुतणी हुशार. म्हणाली, "पण काका, माणूस नसलेलं छोटं विमान आसंल की. तुमच्यासारखं."

प्रश्न एकदम रास्त आहे, आणि उत्तर माझ्या फळीवरच पडलेलं होतं. खऱ्या कबचं भरलेलं वजन सुमारे ५५० किलो. लांबी एक चतुर्थांश केली की पंखाचं क्षेत्रफळ सोळा पटीने कमी होतं, पण वजन चौसष्ट पटीने, म्हणजे साडेआठ किलोच्या आसपास. (माझं साडेसातात बसवायचा प्रयत्न चाललाय.) खऱ्या कबच्या पंखाचा प्रत्येक चौरस फूट तीन किलो पेलतो, माझ्याचा पाऊण किलोसुद्धा नाही. म्हणून मॉडेल निम्म्या वेगाला आणि नखाएवढ्या इंजिनावर उडतं. इतिहासातही लहान विमानं आधी उडाली ती याच गणितामुळे. फ्रान्सच्या आल्फाँस पेनोचं रबरबँडचं विमान १८७१ सालीच पॅरिसच्या बागेत अकरा सेकंद उडालं होतं. त्याच पेनोच्या कल्पनेवरचं एक उडतं खेळणं १८७८ च्या सुमारास राईट बंधूंना त्यांच्या वडिलांनी आणून दिलं.

आणि मॉडेल उडालं म्हणून मोठं विमान उडेल असंही नाही. अमेरिकेतले सॅम्युअल लँग्ली यांचं वाफेच्या इंजिनाचं, चौदा फुटी पंखांचं, बिनमाणसाचं विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडालं. फोटो काढला टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने. ते विमान आजही स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मग सरकारने पन्नास हजार डॉलर दिले, लँग्लींनी तीच रचना माणसाच्या मापाला वाढवली, आणि १९०३ च्या ७ ऑक्टोबरला आणि ८ डिसेंबरला ती दोन्ही वेळा सरळ नदीत गेली. नऊ दिवसांनी राईट बंधू उडाले. त्यांनी त्याआधी १९०१ मध्ये स्वतःच्या वाऱ्याच्या बोगद्यात दोनेकशे प्रकारचे पंख तपासून आकडे वहीत उतरवले होते. १७ डिसेंबर १९०३ चं सगळ्यात लांब उड्डाण ५९ सेकंद, ८५२ फूट. आकडे आहेत, फोटो आहे, डायरी आहे.

हे सगळं ऐकून पुतणीचा चेहरा पडला. "म्हणजे आपलं कुणीच न्हाई?"

हा प्रश्न मात्र लागला. कारण मी तिच्या हातातलं काढून घेतलं होतं आणि बदल्यात काहीच दिलं नव्हतं. त्या रात्री जेवणानंतर मी लॅपटॉप घेऊन बसलो. आणि काय सांगू, जे सापडलं ते फॉरवर्डपेक्षा भारी होतं.

माझ्या इंजिनियरिंगच्या डिग्रीवर ज्यांचं नाव आहे ते वालचंद हिराचंद. सांगलीचं वालचंद कॉलेज त्यांच्याच नावाचं. जन्म १८८२, सोलापूर, म्हणजे जतच्या शेजारचंच गाव म्हणा ना. चार वर्षं त्या पाटीखालून गेलो, पण हा माणूस कोण, असा प्रश्न मला कधी पडला नाही. या गृहस्थाने जहाजं केली, मोटारी केल्या, आणि मधल्या काळात, २३ डिसेंबर १९४० रोजी, बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला: हिंदुस्थान एअरक्राफ्ट. आजचं एचएएल. विल्यम पॉली नावाचा अमेरिकन उद्योजक बरोबर घेतला, म्हैसूर संस्थानाने जागा दिली आणि भागीदारीही केली.

आणि त्या कारखान्यातून निघालेलं पहिलं विमान कसं तयार झालं? किटमधून! अमेरिकेतून हार्लो ट्रेनरचे सुटे भाग आणले आणि इथे जोडले. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ते उडालं. म्हणजे भारतीय विमान उद्योगाची सुरुवात खोक्यातले तुकडे नकाशावर ठेवून जोडण्यानेच झाली. फळी जरा मोठी होती, एवढंच. :) पुढच्याच वर्षी जपानी फौजा जवळ आल्या, सरकारने वालचंदांचा वाटा विकत घेतला आणि कारखाना युद्धाच्या कामाला लागला.

पण जोडणं वेगळं आणि स्वतः आखणं वेगळं. ते ज्याने केलं, त्याचं नाव मी तोपर्यंत ऐकलंही नव्हतं. डॉ. विष्णु माधव घाटगे. जन्म १९०८, हसूरचंपू, गडहिंग्लजजवळचं गाव, कोल्हापूर जिल्हा. मुंबईत शिक्षण, मग जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ साली डॉक्टरेट. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिकीचा बापमाणूस. पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत त्यांचाच. गडहिंग्लजच्या मुलाने थेट तिथे जाऊन शिकावं आणि परत यावं, हेच केवढं!

परत आल्यावर घाटगे वालचंदांच्या कारखान्यात गेले. युद्धात सैनिक वाहून नेणारं दहा जणांचं ग्लायडर त्यांनी आखलं, ते एकच बनलं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९४२ साली एरोनॉटिकल विभाग सुरू झाला, तिथे शिकवलं. (हीच ती संस्था, जिथल्या लोकांनी पुढे 'वैमानिक शास्त्र' तपासलं.) मग पुन्हा एचएएल. आणि १९५१ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या चमूने आखलेलं एचटी-२ हे दोन माणसांचं शिकाऊ विमान आकाशात गेलं. भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं इंजिनाचं विमान. अशी दीडशेहून जास्त बनली, हवाई दलाचे वैमानिक वर्षानुवर्षं त्यावर शिकले, काही घानालाही गेली. नंतर कृषक, आणि १९६४ मध्ये किरण हे जेट ट्रेनर. १९६५ साली पद्मश्री. १९९१ मध्ये घाटगे गेले.

मुद्दाम शेवटी ठेवलं ते असं. २८ सप्टेंबर १९५८ रोजी त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं आणखी एक विमान उडालं. दोन जणांचं, पंख वरच्या बाजूला, अंगावर कापड चढवलेलं, नव्वद अश्वशक्तीचं इंजिन. दिसायला माझ्या कबचा सख्खा भाऊ. अमेरिकेतल्या एरोन्का विमानावरून बेतलेलं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत हजारो तास उडालं. नाव? पुष्पक!

म्हणजे पुष्पक विमान खरंच होतं. वजन माहीत, पंखांचं माप माहीत, पहिल्या उड्डाणाची तारीख माहीत. पाऱ्यावर नाही, पेट्रोलवर चालायचं.

मला राग येतो तो याचा. ज्या माणसाने खरी विमानं आखली, तो आपल्या एकाही फॉरवर्डमध्ये नाही. आणि ज्याच्या उड्डाणाचा एक कपटा दाखवता येत नाही, त्याच्यावर पोरं भाषणं पाठ करतात. दोष पोरांचा नाही. 'जगात पहिले' हे ऐकायला गोड लागतं. 'राईट बंधूंनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, पण आपल्या हाताने' याला टाळ्या पडत नाहीत. पण तुम्ही-आम्ही दिवसभर करतो ते याच जातीचं काम आहे ना? दुसऱ्याचं आधी वाचायचं, जोडायचं, मोडायचं, मग स्वतःचं लिहायचं. एका स्प्रिंटमध्ये पंधराशे फूट कुणी जात नाही.

सकाळी पुतणीला सगळं सांगितलं. तिने अर्धा तास तोंड फुगवलं (पाठांतर वाया गेलं होतं, रागावणं साहजिक होतं), मग वही घेऊन आली. पहिला प्रश्न, "हसूरचंपू कसं ल्ह्यायचं?" दुसरा, "घाटग्यांच्या विमानाचं वजन किती हुतं?" दुसरा प्रश्न ऐकून मला जो आनंद झाला, तो पंख पूर्ण झाल्यावरही होणार नाही.

स्पर्धेत नंबर आला नाही. पहिला नंबर ज्याचा आला त्याचा विषय तळपदेच होता, असं तिने फोनवर सांगितलं. पण हसत सांगितलं.

विमान अजून अपुरं आहे. उजवा पंख, इंजिन, सर्व्हो, वरचं आवरण, सगळं बाकी. उडवायला गावाबाहेरचा माळ बघून ठेवलाय, फक्त आषाढातला आमच्याकडचा वारा सोडून. निघायच्या आदल्या दिवशी डावा पंख धान्याच्या काट्यावर ठेवला आणि जो आकडा आला तो पुतणीने तारखेसकट पहिल्या रिबवर पेन्सिलने लिहिला. आवरण चढलं की तो दिसणार नाही. पण उद्या कुणी विचारलंच, तर आत लिहिलेलं आहे.