महाराष्ट्र आणि गुजरात : जगणे कुठे सुकर?

१ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली. एकाच विधिमंडळाचे कायदे आणि एकाच प्रशासनाची घडी यांचा वारसा दोघांनाही मिळाला. साहजिकच या शेजाऱ्यांची तुलना करण्याचा मोह राजकारण्यांना आणि नागरिकांनाही आवरत नाही. ही तुलना बहुधा कारखाने, गुंतवणूक आणि महामार्ग यांपाशीच थांबते. सामान्य माणसाचे जीवनमान मात्र उत्पन्न, आरोग्य, शिक्षण, पाणी, वीज आणि निवारा या साऱ्यांच्या बेरजेतून ठरते. या कसोट्यांवर दोन्ही राज्ये कुठे उभी आहेत?

उत्पन्न

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या वतीने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात राज्यांच्या दरडोई उत्पन्नाचा सहा दशकांचा आढावा घेण्यात आला आहे. राष्ट्रीय सरासरी १०० मानल्यास १९६०-६१ मध्ये महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न १३३.७, तर गुजरातचे ११८.३ होते. २०२३-२४ मध्ये हेच आकडे अनुक्रमे १५०.७ आणि १६०.७ झाले. म्हणजे मुंबईसारखी आर्थिक राजधानी पदरी असूनही महाराष्ट्र या एका निकषावर मागे पडला. बंदरे आणि त्यांच्या आधाराने वाढलेले रसायन व पेट्रोलियम उद्योग यांनी गुजरातला पुढे नेले.

आरोग्य आणि शिक्षण

येथे चित्र पालटते. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यूचे प्रमाण महाराष्ट्रात १६, तर गुजरातेत २३ होते. २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३, तर गुजरातेत ५७ मातांना प्राण गमवावे लागले. २०११ च्या जनगणनेत स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण महाराष्ट्रात ७५.९ टक्के, तर गुजरातेत ६९.७ टक्के आढळले. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील ७.८१ टक्के, तर गुजरातमधील ११.६६ टक्के लोक दारिद्र्यात होते. अधिक उत्पन्न असलेल्या राज्यात वंचितांचे प्रमाणही अधिक असावे, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

अर्थात, महाराष्ट्राने पाठ थोपटून घ्यावी अशी स्थिती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण गुजरातेत ३९ टक्के, तर महाराष्ट्रात ३५.२ टक्के निघाले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बालकांचे प्रमाण दोन्हीकडे चारात एक असे आहे. वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाआधीच झाला होता आणि या बाबतीत दोन्ही राज्यांत फरक जवळपास शून्य आहे. फुले दाम्पत्याच्या महाराष्ट्राने आणि १९०६ मध्ये बडोदे संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या सयाजीराव गायकवाडांचा वारसा सांगणाऱ्या गुजरातने, दोघांनीही, खाली मान घालावी असा हा आकडा आहे.

वीज, पाणी आणि शहरे

गुजरातने २००३ मध्ये ज्योतिग्राम योजना हाती घेऊन शेतीपंपांच्या आणि गावठाणांच्या वीजवाहिन्या वेगळ्या केल्या. त्यामुळे खेड्यांतील घरे, दुकाने आणि शाळांना अखंड वीज मिळू लागली. त्याच दशकात मराठवाडा आणि विदर्भातील जनता तासन्‌तासांचे भारनियमन सोसत होती. नर्मदेचे पाणी कालव्यांनी आणि जलवाहिन्यांनी सौराष्ट्र-कच्छपर्यंत पोहोचले. महाराष्ट्रात मात्र २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. शेतकऱ्यांच्या सर्वाधिक आत्महत्यांची नोंदही वर्षानुवर्षे महाराष्ट्राच्याच नावावर आहे.

नागरी सुविधांतही गुजरातची काही उदाहरणे घेण्याजोगी आहेत. १९९४ च्या प्लेगच्या साथीने हादरलेल्या सुरतने स्वतःला असे सावरले की, २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात या शहराने इंदूरसह पहिला क्रमांक पटकावला. बीआरटीची सुरुवात पुण्याने २००६ मध्ये केली खरी, पण ती नीट राबवून दाखवली ती २००९ पासून अहमदाबादने. मुंबईतील रोजगाराच्या संधींना तोड नाही. तथापि, २०११ च्या जनगणनेनुसार या महानगरातील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. मोठ्या पगाराचा मोठा हिस्सा घरभाड्यात आणि आयुष्याचा मोठा हिस्सा लोकलच्या गर्दीत जात असेल, तर केवळ उत्पन्नाच्या आकड्यावरून जीवनमान कसे जोखणार?

सरासरीच्या आड

दोन्ही राज्यांच्या सरासरीआड एक समान वास्तव दडलेले आहे. नंदुरबार, डांग आणि दाहोद हा आदिवासी पट्टा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच उपेक्षित राहिला. गुजरातची तहान भागवणाऱ्या सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली. याच परिसरातील मजूर दर हंगामात दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांसाठी ऊसतोडीला जातात. बीडचा मजूर पश्चिम महाराष्ट्रात कोयता घेऊन जातो, तसाच. आईबापांसोबत उसाच्या फडात गेलेल्या मुलाची शाळा त्या महिन्यांत बुडते. त्याची गणती कोणत्या राज्याच्या प्रगतीत करायची, याचे उत्तर कोणत्याही निर्देशांकात नाही.

निष्कर्ष सरळ आहे. माता आणि बालके जगवण्यात व मुलींना शिकवण्यात महाराष्ट्र पुढे आहे, तर वीज, पाणी आणि नागरी व्यवस्थापनात गुजरात. महाराष्ट्राने गुजरातकडून वीजवाहिन्या वेगळ्या करण्याची शिस्त घ्यावी, गुजरातने महाराष्ट्राकडून मातांचे प्राण वाचवण्याचा धडा घ्यावा. एका घरातून वेगळ्या झालेल्या भावंडांत असा देवाणघेवाणीचा व्यवहार होण्यात कमीपणा कसला? खरी स्पर्धा व्हायची असेल, तर ती सीमेवरच्या त्या उपेक्षित पट्ट्यात आधी कोण पोहोचते याची व्हावी.