शिशाचा बिल्ला आणि सोळावे कलम

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलुखात प्रभुभोजनाचा विधी एका रविवारात आटपत नसे. गुरुवारी उपास, शुक्रवारी प्रश्नांचा दिवस, शनिवारी तयारी, रविवारी मेज, सोमवारी उपकारस्तुती. शुक्रवारी पाळकांपेक्षा गावातले मुरलेले भाविकच उठून बोलत. विषय ठरलेलाच: खऱ्या विश्वासाची लक्षणे कोणती आणि वरवरच्या भक्तीची कोणती?

शनिवारी योग्य ठरलेल्यांना बिल्ला मिळे. शिशाचा, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, वर गावाच्या नावाची आद्याक्षरे आणि साल. रविवारी तो हातात दिल्याशिवाय पांढरे कापड अंथरलेल्या मेजाशी बसता येत नसे. त्याआधी पाळक मेजाला 'कुंपण' घालत, म्हणजे कोणकोणत्या पाप्यांनी पुढे येऊ नये हे एकेक करून सांगत.

गर्दी मोठी जमे, पण मेजाशी मोजकेच जात. बाकीचे बेफिकीर होते असे मुळीच नाही. घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणारी, उपासना न चुकवणारी ही माणसे. पण देवाने आपल्याला निवडले नसेल तर? अयोग्यपणे खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे पौलाचे बोलणे त्यांना पाठ होते. म्हणून कित्येकांनी जन्मभर ती भाकर चाखली नाही.

याचे खापर सरसकट डॉर्टच्या धर्मसभेवर फोडतात. ते मला पटत नाही. १६१८-१९ साली हॉलंडमधल्या डॉर्ड्रेख्ट शहरात, देवाच्या निवडीच्या प्रश्नावर आर्मिनियसच्या अनुयायांना उत्तर द्यायला ही सभा बसली. पहिल्या प्रकरणाचे पंधरावे कलम कठोर आहे: माणसांनी स्वतःच्या दोषाने ओढवून घेतलेल्या दुर्दशेत देवाने काहींना तसेच राहू दिले, मात्र पापाचा कर्ता देव नव्हे. पण लगेच सोळावे कलम येते. ज्याला अजून जिवंत विश्वास, मनाची शांती जाणवत नाही, तरी जो कृपेची साधने वापरतो आहे, त्याने नाकारले जाण्याच्या गोष्टीने घाबरू नये, स्वतःला नाकारलेल्यांत मोजू नये. साधने धरून ठेवावीत आणि वाट पाहावी. वचन, संस्कार आणि प्रार्थना ही ती साधने. म्हणजे ती डळमळणाऱ्यासाठीच होती. डोंगरातल्या रिवाजाने मात्र त्यांतल्या एका साधनाला, मेजालाच, पास झाल्याचा दाखला करून टाकले. हा उलटफेर सिद्धान्ताचा नव्हे, रिवाजाचा.

एडिंबरोचे हिब्रूचे प्राध्यापक जॉन डंकन यांची एक गोष्ट सांगतात. प्रभुभोजनाच्या वेळी एक बाई रडत होती. प्याला समोर आला तरी तिने घेतला नाही. डंकनांनी तो तिच्यापुढे करून सांगितले, घे बाई, हा पाप्यांसाठीच आहे. स्वतःच्या तारणाविषयीच्या शंकांनी हा माणूस आयुष्यभर पोळला होता. पंडित म्हणून त्यांचा मान मोठा, पण मला ते या एका वाक्यासाठी जवळचे वाटतात.

डंकन स्कॉटलंडच्या ज्या फ्री चर्चचे, त्याच चर्चमध्ये १८४३ साली मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन गेले. त्यामुळे ही परंपरा आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना परकी नाही. आपल्याकडेही प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावरून हळूच उठून जाणारी माणसे असतात. पाळकांनी आणि वडीलमंडळींनी त्यांना पंधरावे कलम ऐकवण्याआधी सोळावे वाचून दाखवावे.