टांबा हाली : रबराच्या देशातून आलेला खेळाडू

अमेरिकेत ज्याला नुसते 'फुटबॉल' म्हणतात तो खेळ आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही. त्यातल्या एका खेळाडूवर वसंत व्याख्यानमालेत बोलायचे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशक्तीची परीक्षाच. परंतु टांबा हाली या माणसाच्या हकिकतीत रबर आहे, यादवी युद्ध आहे, नागरिकत्वाचा कागद आहे आणि कामगार संघटनेचा इतिहासही आहे. शेवटच्या विषयात मी उभी हयात घालवली, तेव्हा तेवढ्यापुरता तरी मला बोलण्याचा अधिकार आहे असे समजावे.

हालीचा जन्म १९८३ साली पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात, ग्बार्न्गा या गावी झाला. अमेरिकेतून परत पाठवलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी वसवलेला हा देश. १८४७ साली तो स्वतंत्र प्रजासत्ताक झाला. १९२६ मध्ये फायरस्टोन या अमेरिकन टायर कंपनीने तेथे ९९ वर्षांच्या कराराने १० लाख एकरांपर्यंत जमीन घेण्याचा हक्क मिळवला. भाडे किती, तर एकरी सहा सेंट! चिकासाठी झाडांना खाचा पाडणाऱ्या मजुरांना रोजचे काम इतके नेमून दिलेले असे की, ते पुरे करण्यासाठी बायकामुलांना हाताशी घ्यावे लागे. तेथील मजुरांना आपल्या संघटनेचे पुढारी मोकळेपणी निवडता आले ते २००७ साली, आणि नेमलेले काम कमी करून मजुरी वाढवणारा करार पदरात पडला तो २००८ मध्ये.

आता गंमत पाहा. या फायरस्टोन कंपनीचे माहेर म्हणजे ओहायो राज्यातले अ‍ॅक्रन शहर. व्यावसायिक फुटबॉलची संघटना १९२० साली ओहायोतच, कँटन गावी, एका मोटारविक्रेत्याच्या दुकानात स्थापन झाली, आणि तिचे पहिले अजिंक्यपद पटकावले अ‍ॅक्रनच्या संघाने. त्या संघात फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णी खेळाडू चमकत होता. पुढे १९३४ पासून १९४५ पर्यंत मालकांनी एकही कृष्णवर्णी खेळाडू घेतला नाही. त्याच अ‍ॅक्रनमध्ये १९३६ साली रबर कामगारांनी यंत्रे थांबवून कारखान्यातच बैठक मारली होती. तेव्हा रबर, खेळ आणि संप ही तिन्ही एका गावची भावंडे आहेत.

१९८९ च्या डिसेंबरात चार्ल्स टेलरची बंडखोर टोळी आयव्हरी कोस्टच्या सरहद्दीवरून लायबेरियात घुसली आणि यादवी पेटली. ग्बार्न्गा हेच पुढे टेलरचे ठाणे झाले. सहा वर्षांचा टांबा घरच्यांबरोबर रानात लपून राहिला. विमान आले की झाडीत पळायचे, हे त्याचे बालपण. बाप आधीच अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या टीनेक गावी, रसायन व पदार्थविज्ञान शिकवीत होता. त्याने खटपट करून मुलांना देशाबाहेर काढले आणि १९९४ साली टांबा टीनेकला पोहोचला. वय दहा, लिहिता-वाचता येत नव्हते. आई मात्र मागे राहिली. बापाचे आणि तिचे लग्न झालेले नव्हते, म्हणून कायद्याच्या लेखी ती कुटुंबात बसत नव्हती.

टीनेकच्या शाळेत पोरगा थोराड निघाला आणि फुटबॉलला लागला. खेळ थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चेंडू असलेल्या बाजूला चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. समोरच्या बाजूचे काही धिप्पाड गडी तोंडाला तोंड लावून उभे असतात आणि त्यांच्या मागे वा कडेला जो उभा असतो तो 'लाइनबॅकर'. चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याला चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच गाठून लोळवणे याला 'सॅक' म्हणतात. हुतूतूत चढाई करणाऱ्याला मध्यरेषेकडे परतण्याआधी धरावे, तसाच काहीसा प्रकार. फरक इतकाच की, येथे मध्ये दीडशे किलोचा पहारेकरी उभा असतो. हालीची ख्याती ही की, तो त्या पहारेकऱ्याशी अंगाने भिडण्याऐवजी हातांनी त्याचे हात झटकून वाट काढी. त्यासाठी तो ब्राझिली जिउ-जित्सू ही झटापटीची विद्या शिकला होता.

पेन स्टेट विद्यापीठात नाव कमावल्यावर २००६ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स या संघाने त्याला विसाव्या क्रमांकाने उचलले. 'उचलले' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. या पद्धतीत मालक पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. खेळाडूला मालक निवडता येत नाही. ज्याने उचलले त्याच्याकडेच खेळायचे. गिरणीच्या दारात उभे राहून मुकादमाच्या बोटाची वाट पाहणाऱ्या बदली कामगाराला यात नवे काही वाटणार नाही.

त्याच वर्षी हाली अमेरिकन नागरिक झाला. सज्ञान नागरिकाला आपल्या आईला देशात आणता येते. कायद्याने बापाला जे जमले नव्हते ते मुलाला जमले. युद्धात गुडघ्याला गोळी लागलेली आई बारा वर्षांनी, २००६ सालीच, मुलाला भेटली. माझ्या मते हालीच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा विजय हाच, आणि तो एकही मोठा सामना जिंकण्यापूर्वी पदरात पडला होता.

पहिली तीन वर्षे तो आघाडीच्या रांगेत खेळला. २००९ मध्ये संघाने व्यूह बदलला आणि हालीला कडेचा लाइनबॅकर केले. पंचविशीतल्या माणसाला कामाची जागाच नव्याने शिकावी लागली. २०१० मध्ये त्याने साडेचौदा सॅक केले. आपल्या गटात, म्हणजे सोळा संघांत, सर्वांत जास्त. हा 'साडे' कुठून आला? दोघांनी मिळून म्होरक्याला पाडले तर प्रत्येकाच्या नावे अर्धा मांडतात. नगावर मजुरी घेणाऱ्यांचा हिशेब इतक्या चोखपणे मांडला जाता, तर आमची निम्मी भांडणे झालीच नसती.

आणि इतक्यात, १२ मार्च २०११ रोजी, मालकांनी टाळेबंदी जाहीर केली. कोट्यधीश खेळाडू ते कसले कामगार, असे कोणी म्हणेल. पण त्यांच्या संघटनेच्याच हिशेबाने सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्या आसपास संपते, आणि डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांची किंमत म्हातारपणी मोजावी लागते. ही संघटना १९५६ ची. १९८२ मध्ये तिने ५७ दिवस संप केला. १९८७ च्या संपात मालकांनी सरळ बदली खेळाडू मैदानात उतरवले आणि २४ दिवसांत संप मोडला. यापुढची चाल मला अजून नीट पचलेली नाही. १९८९ मध्ये खेळाडूंनी आपल्या संघटनेचे संघटनापण कायद्यापुढे सोडून दिले! संघटना आहे तोवर मक्तेदारीविरोधी कायदा मालकांना आडवा येत नव्हता. ती नाही म्हटल्यावर खेळाडू कोर्टात जाऊ शकले, जिंकले, आणि १९९३ मध्ये करार संपल्यावर दुसरा संघ शोधण्याचा हक्क मिळवून पुन्हा संघटनेत आले. २०११ मध्ये तोच डाव पुन्हा टाकला गेला. जुलैअखेर तडजोड झाली.

पाठोपाठ ऑगस्टमध्ये हालीचा नवा करार झाला : पाच वर्षे, ६ कोटी डॉलर. वर्तमानपत्रांनी मथळ्यात हाच आकडा छापला. पण त्यातले हमीचे होते साडेतीन कोटी. उरलेले, मालकाने ठेवले तर. या धंद्यात करार खेळाडूला बांधतो तितका मालकाला बांधत नाही. २०१५ मध्ये वय वाढले, गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा हालीला पगार कमी करून घ्यावा लागला.

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गविरुद्ध बाद फेरीच्या सामन्यात संघ १६-१८ असा दोन गुणांनी हरला. हालीला जेमतेम सात खेपा मैदानात उतरवले होते. पुढल्या उन्हाळ्यात त्याने याबद्दल जाहीर तक्रार केली. काहींना ती उर्मटपणाची वाटली. मला वाटत नाही. अकरा वर्षे काम केलेल्या माणसाने, मला बसवून का ठेवले, एवढे विचारले तर त्यात वावगे काय? २०१७ चा हंगाम त्याने पाच सामने खेळून संपवला, आणि मार्च २०१८ मध्ये क्लबने त्याला मोकळे केले. बारा हंगाम एकाच संघात, साडेएकोणनव्वद सॅक. त्या दिवशी क्लबच्या वहीत त्याच्या पुढे एकच नाव होते, डेरिक थॉमसचे.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, कॅन्सस सिटीने पन्नास वर्षांनंतर अजिंक्यपद मिळवले. त्या संघात ९१ क्रमांकाच्या कुडत्यात हाली नव्हता.