कुणाशी, कुठे, कितीदा? : अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या वेळापत्रकातला न्याय

मागच्या खेपेला आपण ॲरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. समानांना समान वागवा, हे त्याचं सूत्र ऐकायला सोपं. ते अमलात आणायला बसलं की काय होतं, हे आज एका खेळाच्या इतिहासातून बघू या. तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तरांना बास्केटबॉल कुठून सुचला, असं तुम्ही म्हणाल. तो चेंडू आम्ही कधी हातात धरलेला नाही, हे खरं. पण कॉलेजात परीक्षेच्या सुपरव्हिजनच्या पाळ्या आम्ही बरीच वर्षं लावल्या, आणि 'सर, शनिवार दर वेळी माझ्याच वाट्याला का?' हा प्रश्नही तितकीच वर्षं ऐकला. अमेरिकेतला प्रश्न याच जातीचा आहे.

आधी थोडी ओळख. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. बघता बघता तो विद्यापीठांत पसरला. काही विद्यापीठं मिळून आपसात खेळण्यासाठी गट करतात, त्याला तिथे 'कॉन्फरन्स' म्हणतात. १८९६ साली झालेली वेस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे आजची बिग टेन, ही त्यातली जुनी. सुरुवातीच्या काळात गटातले सगळे संघ सारखे सामने खेळतच नसत. कुणी कमी, कुणी जास्त. मग जिंकलेल्या सामन्यांची टक्केवारी काढून क्रम लावायचा. समोर कोण होतं, हे टक्केवारीत दिसत नाही.

यावर सापडलेला उपाय म्हणजे दुहेरी साखळी. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी. घर महत्त्वाचं, कारण या खेळात यजमान संघ निम्म्याहून बरेच जास्त सामने जिंकतो. आठ विद्यापीठांच्या आयव्ही लीगने १९५६-५७ पासून हेच केलं. सात प्रतिस्पर्धी, चौदा सामने. शिवाय मुलांचे तास बुडू नयेत म्हणून सामने बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी रात्री. हार्वर्डची जोडी डार्टमथशी, प्रिन्स्टनची पेन्सिल्व्हेनियाशी. हार्वर्ड शुक्रवारी प्रिन्स्टनला गेला, तर डार्टमथ पेन्सिल्व्हेनियाला. शनिवारी अदलाबदल. दुसऱ्या रात्रीचा थकवा टळत नव्हता, पण तो आळीपाळीने सगळ्यांच्याच वाट्याला यायचा.

म्हणजे न्याय झाला का? इथे गणित आडवं येतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. समजा आठ संघ आहेत, एकेरी साखळी आहे, सात फेऱ्या आहेत. प्रत्येकाची इच्छा एकच, घर, बाहेर, घर, बाहेर असं आलटून पालटून यावं. असे क्रम दोनच होतात, एक घरापासून सुरू होणारा, दुसरा बाहेरून. आता दोन संघांचा क्रम अगदी सारखा असेल, तर ते एकाच दिवशी घरी आणि एकाच दिवशी बाहेर असणार. मग ते एकमेकांशी खेळणार कधी? म्हणून निर्दोष क्रम आठांपैकी फार तर दोघांनाच मिळतो. उरलेल्या सहांना कुठे ना कुठे लागोपाठ दोनदा घरी किंवा लागोपाठ दोनदा बाहेर खेळावंच लागतं. यात कुणाचा पक्षपात नाही. हे दैव म्हणा हवं तर.

दैवाशी प्रामाणिकपणे कसं वागावं, याचंही उदाहरण आहे. १९५३ साली स्थापन झालेल्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये नव्वदच्या दशकात नऊ संघ होते. नऊ आठे बहात्तर सामने, नऊ आठवड्यांत बसवायचे. जॉर्ज नेमहाउजर आणि मायकेल ट्रिक या दोन प्राध्यापकांनी ते संगणकाने बसवले आणि १९९८ साली त्यावर निबंध लिहिला. निर्दोष वेळापत्रक त्यांनाही करता आलं नाही. जी गैरसोय टळत नाही, ती एकाच्याच डोक्यावर पडू नये, एवढं त्यांनी पाहिलं.

पण २००४ मध्ये मायामी आणि व्हर्जिनिया टेक हे दोन संघ आले, पुढच्या वर्षी बॉस्टन कॉलेज आलं, आणि दुहेरी साखळी तुटली. ती गणिताने तोडली नाही. फुटबॉल आणि टीव्हीच्या हक्कांचा पैसा यांसाठी गट वाढवला गेला. आता प्रत्येक संघाला दोन कायमचे प्रतिस्पर्धी मिळाले, त्यांच्याशी दर वर्षी दोनदा. बाकीच्यांशी कधी दोनदा, कधी एकदा. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना यांची जोडी अर्थातच राखली गेली. लोकांना ती बघायचीच असते.

इथे एक गुंता सांगितला पाहिजे. १९७५ पर्यंत एका कॉन्फरन्समधून राष्ट्रीय स्पर्धेत एकच संघ जाई. नंतर अधिक संघांना दार उघडलं, आणि निवड करणारे प्रतिस्पर्ध्यांची ताकदही मोजू लागले. त्यामुळे कठीण वेळापत्रक गटविजेतेपदासाठी ओझं ठरतं आणि राष्ट्रीय निवडीसाठी भांडवल. म्हणजे सोपं वेळापत्रक मिळालेला प्रत्येक जण भाग्यवान, असंही नाही.

आता आजची स्थिती बघा. बिग टेनमध्ये नावाला दहा, पण २०२४-२५ मध्ये अठरा संघ. पूर्ण दुहेरी साखळीला प्रत्येकी चौतीस सामने लागतील. खेळतात वीस. तिघांशी दोनदा, सातांशी फक्त घरी, सातांशी फक्त बाहेर. संख्या सगळ्यांना सारखीच. पण ते तिघे कोण, हे सारखं नाही. आपल्या आयपीएललाही हे २०२२ पासून लागू आहे. दहा संघ, चौदा सामने, पाचांशी दोनदा, चौघांशी एकदा.

व्यवस्थापक म्हणतील, आम्ही वर्षानुवर्षं फिरवत राहतो, शेवटी हिशेब जुळतो. हा युक्तिवाद वजनदार आहे, तो झटकून टाकू नये. पण जुळतो कुणाचा? विद्यापीठ शंभर वर्षं टिकतं, त्याचा जुळेल. खेळणारा मुलगा साधारण चार वर्षं असतो. त्याच्या चौथ्या वर्षी वाकडं पडलेलं वेळापत्रक सातव्या वर्षी सरळ झालं, तर ते त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्याच मुलाला मिळतं. भरपाई झाली खरी, पण ज्याचं नुकसान झालं त्याला नाही.

आणि २०२४ पासून कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहे. पॅसिफिकच्या काठची मुलं बॉस्टनला खेळायला चार हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास करून जातात. आयव्हीने शुक्रवार-शनिवार निवडताना ज्या तासांचा विचार केला होता, त्या तासांचं काय, हा प्रश्न करार करणाऱ्यांच्या टेबलावर कितपत आला असेल?

तेव्हा आम्हाला जे सांगायचं आहे ते एवढंच. वेळापत्रकात दोन प्रकारची विषमता असते. एक गणिताने लादलेली. ती सोसायची, आणि वाटून घ्यायची. दुसरी माणसांनी पत्करलेली, कारण तिच्यातून कुणाला तरी लाभ होतो. दुसरीला पहिलीच्या नावाखाली खपवलं जातं, 'काय करणार, वेळापत्रक बसतच नाही' असं म्हणून. बसत नाही, की बसू नये इतका गट मोठा केलात, हे विचारायला हवं. सुपरव्हिजनच्या पाळ्या लावताना आम्हीही ते वाक्य वापरलेलं आहे. कधी ते खरं होतं, कधी नव्हतं.

पुढच्या वेळी जॉन रॉल्सकडे जाऊ. पद्धत न्याय्य असली की निकालही न्याय्य होतो का, हा त्याचा प्रश्न. प्रश्न जपून ठेवा, तेव्हा घेऊ.