दप्तर

मराठीत ‘दप्तर’ या एकाच शब्दाला दोन घरे आहेत. एक शाळकरी मुलाच्या पाठीवर आणि दुसरे जुन्या कागदांच्या रुमालांत. पहिले दप्तर घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या दप्तराच्या दाराशी नेऊन उभे करावे, असे आपल्या शिक्षणव्यवस्थेला क्वचितच वाटले. त्यात केवळ शिक्षकांचा दोष आहे असे नाही. पुण्याचे पेशवे दप्तर इंग्रजी अमदानीत जाणत्या भारतीय संशोधकांनाही दीर्घकाळ बंदच होते. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध होण्यास १९३० नंतरचा काळ उजाडावा लागला. जे राजवाड्यांच्या पिढीला मिळणे कठीण होते, ते नववीच्या मुलाच्या हाती कोण देणार? त्याच्या वाट्याला आले ते पाठ्यपुस्तक, आणि पाठ्यपुस्तकाच्या वाट्याला आले ते पाठांतर.

इतिहास चर्चेतून आणि प्रकल्पातून शिकवावा, हा विचार काही नवा नव्हे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांचा प्रकल्पपद्धतीवरील निबंध १९१८ सालचा आहे. त्यानंतर या पद्धतीचे गोडवे इतक्या अध्यापनशास्त्रीय ग्रंथांनी गायिले आहेत की त्यांची उजळणी येथे करण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न वेगळाच आहे. मुलाने खरोखरच शोध घेतला आणि त्याला नको ते सापडले, तर काय होते?

या प्रश्नाचे उत्तर जर्मनीत मिळते. पश्चिम जर्मनीचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान आणि हाम्बुर्गचे उद्योगपती कुर्ट क्योर्बर यांनी १९७३ मध्ये शाळकरी मुलांसाठी एक इतिहासस्पर्धा सुरू केली. हाइनेमान यांचा हेतू सरळ होता : जर्मन मुलांना राजेरजवाड्यांच्या आणि सेनापतींच्या पलीकडे आपल्याच देशातील स्वातंत्र्याकांक्षी परंपरेची ओळख व्हावी. त्यामुळे पहिला विषय १८४८-४९ च्या क्रांतीचा होता. स्पर्धेची रीत मात्र विषयापेक्षा अधिक दूरगामी ठरली. मुलाने आपल्या गावातला, आपल्या परिसरातला प्रश्न निवडायचा. अभिलेखागारात जायचे, वृद्धांना भेटायचे, सहा महिने काम करायचे. आणि निबंधासोबत ‘आपण हे काम कसे केले, कोठे अडलो’ याचा वृत्तांतही द्यायचा. हा कार्यवृत्तांत साहित्याच्या अभ्यासकाला विशेष मोलाचा वाटावा असा आहे. निष्कर्षापेक्षा शंकेला आणि उत्तरापेक्षा नकाराला तेथे जागा मिळते. इतिहासकार सहसा आपल्या हाताचे डाग पुसून मगच वाचकासमोर येतो. मुलांना तसे करण्याची मुभा या स्पर्धेने दिली नाही.

१९८० साली या स्पर्धेने नात्सी राजवटीतील दैनंदिन जीवन हा विषय दिला. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरील पासाउ या बव्हेरियन नगरातील आना रोसमुस या तरुणीने तो उचलला. तिचा जन्म १९६० चा, म्हणजे युद्ध संपल्यानंतर पंधरा वर्षांनी. आपल्या गावाने नात्सींना विरोध केला होता, ही गावाची स्वतःविषयीची समजूत तिने ऐकलेली होती, आणि आपला निबंध त्या विरोधाचे चित्र रेखाटील, असेच तिला आरंभी वाटत होते. कागद मागू लागताच गावाचा सूर पालटला. नगराच्या अभिलेखागारातील कागद मिळावेत म्हणून तिला न्यायालयात जावे लागले. धमक्या आल्या. स्पर्धेची मुदत उलटून गेली, शोध मात्र थांबला नाही. त्यातून १९८३ मध्ये पासाउमधील विरोध आणि छळ या विषयावरचे तिचे पुस्तक निघाले, आणि पुढच्याच वर्षी त्याला शोल भावंडांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार मिळाला. मिखाएल फरहोफेन यांनी या कथेवर बेतलेला चित्रपट १९९० साली आला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘ती भयंकर मुलगी’ असा आहे. गाव तिला काय समजत होते, हे त्या तीन शब्दांतून कळते.

एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष होऊ नये. ही मुलगी बंडखोर म्हणून घडविली गेली नव्हती. तिला एक गृहपाठ दिला गेला होता आणि तो तिने प्रामाणिकपणे केला, इतकेच.

रशियातील अनुभव याहून करुण आहे. ‘मेमोरियल’ या संस्थेने १९९९ पासून वरच्या वर्गांतील मुलांसाठी विसाव्या शतकातील रशियन माणसाच्या इतिहासावर निबंधस्पर्धा घेतली. दूरदूरच्या खेड्यांतील मुले आजीला विचारू लागली की पणजोबा कोठे गेले, आपले घर कोणी घेतले, त्या वर्षी दुष्काळ कशाने पडला. राज्यसंस्थेच्या इतिहासात ज्यांना ओळही मिळाली नव्हती, अशा माणसांचे आयुष्य या निबंधांत उतरले. २८ एप्रिल २०१६ रोजी मॉस्कोत बक्षीस समारंभासाठी मुले जमली असता बाहेर निदर्शकांनी त्यांच्यावर अंडी फेकली. ज्येष्ठ कादंबरीकार ल्युदमिला उलित्स्काया यांच्या अंगावर हिरवे रसायन ओतले गेले. २८ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मेमोरियल’ बरखास्त करण्याचा आदेश दिला. २०२२ च्या शांततेच्या नोबेल पुरस्काराच्या मानकऱ्यांत या संस्थेचे नाव होते. शाळकरी निबंधांना एखादी राज्यसत्ता भिते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या मुलांवर अंडी फेकायला कोणीतरी वेळ काढून आले होते, हे खरे.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अध्यापनाविषयी याच संदर्भात एक उदाहरण आठवते. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातील एलिझे कराराला चाळीस वर्षे झाली तेव्हा, जानेवारी २००३ मध्ये, बर्लिनमध्ये दोन्ही देशांतील सुमारे ५०० विद्यार्थ्यांची संसद भरली होती. दोन्ही देशांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक असावे, ही मागणी त्या मुलांची. १९४५ नंतरच्या काळावरचा त्याचा पहिला खंड २००६ मध्ये निघाला. दोन महायुद्धांवर लेखकांचे भांडण जुंपेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मतभेद अधिक तीव्र झाले ते अमेरिकेच्या भूमिकेवर आणि साम्यवादाच्या मूल्यमापनावर. ते मतभेद झाकून न ठेवता पुस्तकात दोन्ही दृष्टी शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. या पुस्तकाचा शाळांतील वापर मर्यादितच राहिला, हेही नमूद केले पाहिजे.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात असे काही घडलेले नाही. कृष्णकुमार यांनी २००१ मध्ये दोन्ही देशांच्या शालेय इतिहासाची तुलना करणारा जो ग्रंथ लिहिला, तो वाचताना एकाच घरातील दोन भावांनी लिहिलेल्या दोन रोजनिश्या चाळल्यासारखे वाटते. आपल्याकडील नव्या पाठ्यपुस्तकांनी प्रयत्न केला नाही असे मात्र नाही. राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या बारावीच्या इतिहासात २००७ साली फाळणीचे प्रकरण मौखिक साक्षींसह आले. त्याच्या शेवटी प्रकल्प सुचविलेला होता : आपल्या गावात किंवा शहरात स्थलांतर करून आलेले लोक शोधा आणि त्यांच्या मुलाखती घ्या. अशा प्रकल्पांचे पुढे काय होते, हे ठाऊक असलेला वाचक येथे हसेल. १०० पैकी २० गुणांची धारिका, दुकानात मिळणारी रंगीत चित्रे, सुबक मुखपृष्ठ, आणि आतला मजकूर मागच्या वर्षीच्या मुलाचा. परीक्षकही पाने उलटतो आणि सही करतो. मीही अशा सह्या केलेल्या आहेत.

आणि तरीही कल्याणच्या एखाद्या मुलाला या प्रकल्पासाठी दूर जावे लागले नसते. पलीकडेच उल्हासनगर आहे. सिंधमधून आलेल्या निर्वासितांची तेथील लष्करी छावणीत सोय केली गेली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला हे नाव मिळाले. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहे. २०२२ च्या काटछाटीत फाळणीचे ते प्रकरण पुस्तकातून वगळले गेले, त्यासोबत शेवटचा तो प्रश्नही गेला. उल्हासनगरात घरांचे पत्ते सांगताना लोक अजूनही छावणीचा क्रमांक सांगतात.