रायफलच्या काडतुसाचा प्रायमर: निवड आणि तपासणी कशी करतात?

रिकामं पितळी काडतूस पुन्हा भरायचे म्हणजेच रीलोडिंगचे अमेरिकन व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिले असतील. तिथे हा कायदेशीर छंद आहे. भारतात मात्र शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हे फक्त माहितीसाठी.

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसवलेली छोटीशी धातूची वाटी. आत धक्क्याने पेटणारं रसायन (बहुतेक वेळा लेड स्टिफनेट) आणि त्यावर ऐरण. फायरिंग पिन आपटली की रसायन दोघांमध्ये चेंगरतं आणि ठिणगी बारुदापर्यंत जाते. ही झाली बॉक्सर पद्धत. बर्डन पद्धतीत ऐरण काडतुसातच असते. गंमत म्हणजे बॉक्सर हे ब्रिटिश आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत चालते ती बॉक्सर पद्धत!

रायफलसाठी मुख्य साइझ दोन: स्मॉल ०.१७५ इंच, लार्ज ०.२१० इंच. स्मॉल पिस्तूल प्रायमरचा व्यासही ०.१७५ इंचच असतो, त्यामुळे तो रायफलच्या काडतुसात आरामात बसतो. धोका नेमका इथेच आहे. त्याची वाटी सहसा पातळ असते. रायफलच्या दाबाने ती फुटून गरम वायू मागे येऊ शकतो. साध्या प्रायमरऐवजी मॅग्नम टाकला तरी दाब बदलतो. म्हणून रीलोडिंग मॅन्युअलमध्ये दिलेला प्रायमरच वापरतात. तो बदलला तर बारुदाचं प्रमाण पुन्हा कमीपासून सुरू करतात.

बसवण्याआधी प्रत्येक प्रायमर बघतात: ऐरण आहे का, तिरकी तर नाही, वाटी चेपलेली आहे का. तेलकट बोट लावायचं नाही, कारण तेलाने रसायन निकामी होऊ शकतं. डबीतून काढून बरणीत ओतणं तर अजिबात नाही. एक पेटला तर सगळे एकदम उडू शकतात.

बसवल्यावर बोट फिरवून पाहतात. प्रायमर बुडाच्या पातळीखाली साधारण ०.००३ ते ०.००५ इंच हवा, म्हणजे जवळपास ए-फोर कागदाच्या जाडीइतका. वर राहिला तर पहिल्या ठोक्यात तो फक्त आत सरकतो आणि बार उडतच नाही. एआर-१५ सारख्या रायफलमध्ये फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकेच टेकते. तिथे वर राहिलेला प्रायमर ट्रिगर न दाबताच पेटू शकतो. अशा रायफलसाठी जाड वाटीचे प्रायमर मिळतात, उदाहरणार्थ सीसीआय नंबर ४१.

आणि ट्रिगर दाबूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबतात, मगच बोल्ट उघडतात. कधीकधी बार उशिराने उडतो.