औषधाच्या आधी पोहोचलेला शब्द : कासा ते गडचिरोली

१/ वैद्यकाचा इतिहास आपण बहुधा लसी, शस्त्रक्रिया आणि नामवंत डॉक्टर यांच्या आधारे वाचतो. परंतु डहाणू तालुक्यातील सायवनसारख्या, दूरदूर पाड्यांत विखुरलेल्या गावात मूल जगणार की दगावणार, हे पुष्कळदा डॉक्टर गाठण्यापूर्वीच ठरते. त्या आधीच्या काळात घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या आणि समजावून सांगणाऱ्या माणसांचा हा इतिहास.

२/ १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे उत्तरायुष्यातील एक कार्य मात्र उपेक्षित राहिले. १८९०च्या दशकात इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात घरोघरी जाऊन मातांशी बोलणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची योजना त्यांनी उचलून धरली. हिंदुस्थानातील खेड्यांनाही अशा स्त्रिया हव्यात, असे त्यांचे मत होते. व्याख्यानाने जे साधत नाही ते घरातल्या ओळखीने साधते, ही त्यामागची दृष्टी.

३/ या संवादाला पुढे एक साधन मिळाले. डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियातील खेड्यांत काम करताना मुलाच्या वाढीचा तक्ता रूढ केला. दरमहा वजन घ्यायचे, कागदावर ठिपका द्यायचा. ठिपके जोडणारी रेघ वर चढली तर वाढ ठीक. आडवी झाली तर धोका.

४/ १९७०च्या दशकात हे साधन डहाणूत आले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. शाह यांच्या नेतृत्वाखाली कासा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात माता-बाल आरोग्य व पोषणाचा प्रकल्प उभा राहिला.

५/ त्याचा कणा होते अर्धवेळ सामाजिक कार्यकर्ते. पाच वर्षांखालील मुलांचे वजन घ्यायचे, जोखमीची मुले हेरायची आणि त्यांच्याकडे विशेष लक्ष पुरवायचे, हे त्यांचे काम. सर्व मुलांवर सारखीच शक्ती खर्च न करता ज्याला धोका अधिक त्याच्याकडे आधी जायचे, हा विचार येथे प्रत्यक्षात उतरला.

६/ यात समुपदेशन कुठे आले? पाड्यावरची बहुतेक मुले किरकोळ असतील, तर आपले मूल खंगते आहे हे आईलाही उमगत नाही. तक्ता ते दाखवतो. पण उपाय तक्त्यात नसतो. भातलावणीच्या दिवसांत आई दिवसभर चिखलात उभी असते. तिला 'बाळाला चार वेळा भरवा' एवढेच सांगून काय उपयोग? भरवणार कोण, घरात काय शिजते, आजीला हे पटले आहे का, हे विचारल्यावरच सल्ला पाळता येण्याजोगा होतो.

७/ तरीही शब्दाने रिकामी हंडी भरत नाही. १९९२च्या सुमारास शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. धान्य, रोजगार आणि रस्ता नसताना दोष आईच्या 'अज्ञाना'वर ढकलणे हा अन्याय ठरतो.

८/ शुश्रूषेचे मोल आकड्यांत सिद्ध झाले ते गडचिरोलीत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना प्रशिक्षण दिले. नवजात बाळाला उबदार ठेवणे, स्तनपानासाठी आईला मदत करणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे त्या शिकल्या. गावातल्या स्त्रीने सुई टोचावी का, यावर बराच वाद झाला.

९/ उत्तर १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ वरून २५ पर्यंत उतरले होते. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत ते जवळपास होते तिथेच राहिले.

१०/ २००५ साली 'आशा' कार्यकर्ती आली. २०११ पासून नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याचे काम देशभर तिच्याकडे सोपवले गेले. घरी जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सात भेटी, दवाखान्यात जन्मलेल्यासाठी सहा. आज पालघर जिल्ह्यातील पाड्यावर एखादी आशाताई वजनकाटा घेऊन चढण चढताना दिसली, तर तिच्यामागे शतकभराहून जुनी परंपरा आहे. तिला मिळणारा मोबदला त्या परंपरेला साजेसा आहे का, हा प्रश्न मात्र आपल्या पिढीचा आहे.